जिभाऊंची १६३ गाणी विकत घ्यायची तर कुठून?

पार्श्वभूमी

अमळनेरात माझे संगणक दुरुस्तीचे आणि ऑनलाइन कामांचे छोटे दुकान आहे. पीकविमा, सातबारा, परीक्षांचे फॉर्म ही रोजची कामे. जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात यांत न बसणारे एक काम आले आणि ते पुढे पाच आठवडे चालले. ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथे मांडतो, कारण हाच प्रश्न घेऊन त्यानंतर आणखी काही जण दुकानात आले.

जिभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय सत्तरीला आलेले. बोरीकाठच्या एका गावात घर, थोडी कापसाची शेती. मळ्यात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे झोपडीत एक चार्जिंगचा स्पीकर ठेवलेला, पेनड्राइव्ह लावायची खाच असलेला. मुलगा सुरतला नोकरीला. दोन वर्षांपूर्वी त्याने वडिलांच्या फोनवर गाण्यांचे एक ॲप टाकून दिले, वार्षिक प्लॅन घेतला आणि डाउनलोड कसे करायचे ते शिकवले. जिभाऊंनी सवडीने चारशेच्या वर गाणी उतरवली. फोन खिशात, गाणी फोनात, रेंज नसली तरी वाजतात. त्यांच्या लेखी ती गाणी त्यांनी विकत घेतली होती.

मे महिन्यात मुलाचे कार्ड बदलले आणि प्लॅनचे नूतनीकरण झाले नाही. एके दिवशी मळ्यात बसल्या बसल्या सगळी गाणी करडी पडली. जिभाऊ फोन घेऊन दुकानात आले. शाळेत आयुष्यभर प्रमाण मराठी बोललेला माणूस, पण त्या दिवशी काउंटरवर फोन ठेवत घरच्या अहिराणी बोलीतच म्हणाले, ‘भाऊ, मना गाना कोठे गयात?’

अडचण नेमकी कोणती

मी आधी सोपे उत्तर दिले: प्लॅन पुन्हा भरा, गाणी परत येतील. ते ऐकून त्यांनी विचारलेला प्रश्न पुढच्या सगळ्या कामाचे मूळ ठरला. ‘मी पुस्तक विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी दुकानदाराला पैसे दिले नाहीत, तर तो कपाटातलं पुस्तक घेऊन जातो का?’

ॲपमध्ये ‘डाउनलोड’ म्हटले तरी ती फाइल कुलूपबंद असते. किल्ली कंपनीच्या हाती आणि प्लॅन चालू असेपर्यंतच. स्पॉटिफायसारख्या सेवेत तर प्लॅन चालू असतानाही ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावे लागते. ती फाइल पेनड्राइव्हवर टाकता येत नाही, टाकली तरी स्पीकर वाचत नाही. जिभाऊंना हवे होते ते दुसरेच: एकदा पैसे द्यायचे, फाइल घरी आणायची आणि मग दुकान राहिले काय, गेले काय, गाणे वाजले पाहिजे.

याशिवाय मुदतीचा प्रश्न होता. त्या वर्षी नागपंचमी २९ जुलैला होती आणि तिच्यानंतरच्या रविवारी, ३ ऑगस्टला, त्यांच्या घरी कानबाई, ही खानदेशातली देवी, बसणार होती. सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे भाऊबंदकी पांगली आहे तिथून माणसे रोटांना, म्हणजे देवीच्या प्रसादाला, गावी येतात. चार पिढ्या एका ओसरीवर. तोपर्यंत पेनड्राइव्ह तयार हवा, असे काकूंचे, म्हणजे जिभाऊंच्या पत्नीचे, म्हणणे.

आधी यादी

दुकान निवडण्याआधी काय घ्यायचे ते लिहून आणा, एवढेच मी सांगितले. तिसऱ्या दिवशी जिभाऊ दोनशे पानी वही घेऊन आले. लाल शाईने उभ्या रेघा आखून रकाने पाडलेले: अनुक्रमांक, गाण्याचे पहिले शब्द, गायक, संगीतकार, वर्ष, आणि शेवटचा रकाना ‘ओळख’. त्यात ‘सुरुवातीला फक्त सारंगी’, ‘दुसऱ्या कडव्याआधी बासरी’, ‘कोरस नाही’ अशा नोंदी. एकूण १६३ गाणी. भावगीते, भक्तिगीते, जुनी हिंदी, थोडे शास्त्रीय आणि वीसेक अहिराणी.

वही पाहताना काकूंनी अहिराणीच्या पानावर पेन्सिल चालवली. ११ गाणी सरळ खोडली. ती कानबाईची गाणी होती. ‘ही आम्ही बाया म्हणतो. रात्रभर जागून म्हणतो. विकत कशाला आणायची?’ जिभाऊ काही बोलले नाहीत. पुढे मागे वळून पाहताना वाटते, सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत स्वच्छ निर्णय होता. सहा गाणी दोनदा लिहिलेली निघाली. उरली १४६.

त्यांतली आठ जिभाऊंच्या घरातल्या जुन्या सीडींवर आधीपासूनच होती, हे मला फार उशिरा, जवळजवळ शेवटच्या आठवड्यात कळले. कपाट आधी उघडायला सांगायला हवे होते.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे मोबाइलच्या दुकानात मेमरी भरून घेणे. गावोगाव चालते तेच. शंभर रुपयांत हजार गाणी. जिभाऊंच्या पुतण्याने तसा एक पेनड्राइव्ह आणूनही दिला. तो चोरीचा माल, हे जिभाऊंना पटवायची गरज नव्हती. मात्र पुतण्याचा मुद्दा होता की आवाज तोच आहे, फाइलवर ३२० लिहिलंय. म्हणून मी त्यातले एक गाणे संगणकावर स्पेक नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडले. गाण्यातला आवाज किती उंच कंपनांपर्यंत पोचतो याचे चित्र तो काढतो. नीट बनवलेल्या ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला किती माहिती साठवली त्याचे माप, आकडा मोठा तितका आवाज चांगला) एमपीथ्रीत रंग २० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत चढलेला दिसतो. या चित्रात १६ वर कोयत्याने कापल्यासारखी आडवी रेघ आणि वर सगळे काळे. १२८ केबीपीएसच्या फाइलीत साधारण तिथेच काप असतो. कोणीतरी १२८ ची फाइल फुगवून तिला ३२० चे नाव दिले होते. जुन्या ध्वनिमुद्रणात मुळातच उंच स्वर कमी असू शकतात, म्हणून मी मुद्दाम नवीन गाणे निवडले होते. जिभाऊ चष्मा वर करून बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. तो पेनड्राइव्ह त्यांनी पुतण्याला परत केला.

दुसरा पर्याय आधीच गाणी भरलेल्या रेडिओचा. सारेगामाचा कारवां २०१७ साली आला आणि ज्येष्ठांच्या घरांत तो चांगला रुळला. मराठी गाण्यांचाही मिळतो. पण त्यात गाणी त्या कंपनीच्या संग्रहातली आणि निवडही तिचीच. जिभाऊंच्या वहीत तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांची ध्वनिमुद्रणे होती. ज्याला विशिष्ट यादी नाही त्याला मी आजही हाच पर्याय सुचवीन.

तिसरा, खऱ्या अर्थाने फाइल विकणारी दुकाने. इथे भारतातला इतिहास माहीत असणे गरजेचे आहे. फ्लिपकार्टने २०१२ साली ‘फ्लाइट’ नावाने एमपीथ्री विकायला सुरुवात केली आणि २०१३ च्या जूनमध्ये ते दुकान बंद केले. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि घेतलेली गाणी उतरवून घ्यायला २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली. ज्यांनी फाइली आपल्या संगणकावर ठेवल्या त्यांची गाणी आजही वाजतात. ज्यांनी ‘खात्यात आहेत ना’ म्हणून सोडून दिल्या त्यांची गेली.

ॲमेझॉन काही परदेशांत गाण्यांच्या फाइली विकते, आपल्याकडे मात्र ऐकण्याचे ॲप देते. म्हणजे मराठी-हिंदीच्या मोठ्या यादीसाठी उरले ॲपलचे आयट्यून्स स्टोअर. ते भारतात डिसेंबर २०१२ पासून आहे. ॲपलने २००९ सालीच विकलेल्या गाण्यांवरचे कुलूप काढले आहे. फाइल २५६ केबीपीएसची, एएसी प्रकारची. त्यासाठी आयफोन लागत नाही, विंडोजच्या संगणकावर आयट्यून्स टाकले की पुरते. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी लागते. ॲपल म्युझिक हा महिन्याच्या भाड्याचा व्यवहार आणि आयट्यून्स स्टोअर हा खरेदीचा. कंपनी एकच, खाते एकच, काउंटर दोन. भाड्याच्या काउंटरवरून उतरवलेले गाणे पुन्हा कुलपातलेच. जिभाऊंना हे मी दोनदा सांगितले, मुलाला फोनवर तिसऱ्यांदा.

चौथा पर्याय बँडकॅम्प. स्वतंत्र कलाकार तिथे आपले संगीत थेट विकतात. एकदा घेतले की एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह, हवी ती फाइल उतरवता येते. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के कापते (मोठ्या विक्रीवर १०), आणि पैसे चुकते करण्याचा खर्च वगळता बाकी कलाकाराकडे जाते. जुनी चित्रपटगीते तिथे शोधण्यात अर्थ नाही. पण वहीत एका बासरीवादकाचे चार तुकडे होते, ते तिथेच मिळाले.

निर्णय: खाते कोणाच्या नावावर

इथे माझी चूक झाली. घाईत मी ॲपलचे खाते दुकानाच्या ईमेलवर उघडले. ऑनलाइन कामांच्या दुकानांत ही सवयच लागलेली असते: गिऱ्हाइकाला ईमेल नसतो, आपण आपला टाकतो, काम होते. संध्याकाळी घरी जाताना लक्षात आले की ही खरेदी कागदोपत्री माझी झाली असती. उद्या मी दुकान बंद केले किंवा पासवर्ड विसरलो, तर जिभाऊ पुन्हा तिथेच, करड्या पडलेल्या गाण्यांपाशी. अजून एकही गाणे घेतले नव्हते हे बरे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाइल नंबरवर, त्यांच्या नावाने नवा ईमेल आणि नवे खाते उघडले. पासवर्ड त्यांनी वहीच्या मलपृष्ठाच्या आत स्वतःच्या अक्षरात लिहिला. मी तो पाहिला नाही.

मुलाच्या खात्यावर घ्यावे का, हाही विचार झाला. मुलाची तयारी होती. पण पहिली अडचण त्याच्याच कार्डावरून उद्भवली होती, तेव्हा जिभाऊंनी नको म्हटले.

पैसे भरण्याचा प्रश्नही इथेच सुटला. ॲपलने २०२२ साली भारतात कार्ड घेणे थांबवले होते. यूपीआय चालते, आणि खात्यात आधी रक्कम भरून तेवढ्यातच खरेदी करता येते. पेन्शनवाल्या माणसासाठी ही सोय उत्तम, भरले तेवढेच खर्च होणार. बँडकॅम्पवर मात्र कार्ड लागते, आणि जिभाऊंचे पेन्शनच्या खात्याचे कार्ड नाकारले गेले. बँकेत काही बिघडले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवी कार्डे परदेशी व्यवहारांसाठी बंदच दिली जातात. आपण स्वतः चालू करावी लागतात. ते चार तुकडे शेवटी मुलाने आपल्या नव्या कार्डावर घेतले. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू केला, मर्यादा हजार रुपयांची ठेवली, खरेदी झाल्यावर पुन्हा बंद केला आणि फाइली वडिलांना पाठवल्या.

आधी एकच गाणे

खात्यात पैसे भरले तेव्हा जिभाऊ म्हणाले, आता सगळी एकदम घेऊन टाकू. मी एकच घेतले. पेनड्राइव्हवर टाकले, त्यांनी पिशवीतून आणलेल्या स्पीकरला लावले. स्पीकर गप्प. निळा दिवा दोनदा मिचकला आणि विझला.

कारणे दोन होती. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि जुन्या स्पीकरला फक्त फॅट-३२ कळते. शिवाय एएसीची फाइल त्याला वाचता येत नव्हती, एमपीथ्रीच हवी. जळगावला गोलाणी मार्केटमधून १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, फॅट-३२ केला. आयट्यून्समध्येच खरेदी केलेल्या गाण्याची एमपीथ्री आवृत्ती करता येते, ती ३२० वर केली. एका प्रकारातून दुसऱ्यात नेताना थोडा दर्जा जातोच, म्हणून मूळ फाइली तशाच वेगळ्या फोल्डरात जपून ठेवल्या. उद्या चांगला स्पीकर आला तर त्या वापरता येतील. जागेची चिंता नव्हती: ३२० ची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी घेते, म्हणजे पाच मिनिटांचे गाणे १२ एमबी. दीडशे गाणी दोन जीबीच्या आत बसतात.

मग वीस-वीसच्या हप्त्याने खरेदी सुरू झाली. दुसऱ्याच हप्त्यात दोन गाणी चुकली. नाव तेच, शब्द तेच, पण गायक वेगळा, कोणीतरी नंतर पुन्हा गाऊन घेतलेली. चुकीचे गाणे सुरू होऊन दोन सेकंद झाले नसतील, तोच जिभाऊ म्हणाले, ‘ही सारंगी नाही, हा कीबोर्ड आहे.’ दुकानात प्रत्येक गाण्याचा नमुना ऐकायला मिळतो, तो मी घाईत ऐकलाच नव्हता. त्यानंतर पद्धत ठरली: मी शोधायचे, नमुना वाजवायचा, ते वहीतला ‘ओळख’चा रकाना पाहून मान हलवणार, मगच विकत घ्यायचे. वेळ दुप्पट लागला. चूक एकही झाली नाही.

मधे जिभाऊंनी विचारले, जुनी गाणी तर आता सगळ्यांचीच झाली ना? अंशतः खरे आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या मुद्रणांचा हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. पण कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. उलट उदाहरण आपल्या घरचेच: बहिणाबाई १९५१ साली गेल्या, ओव्या पुस्तकरूपाने १९५२ साली आल्या. त्यांचे शब्द आता मुक्त आहेत, तरी गेल्या वीस-तीस वर्षांत कोणी त्यांना चाल लावून गायले असेल तर ते मुद्रण मुक्त नाही. वहीतली १९ गाणी १९६४ च्या आधीची निघाली. ती सुद्धा जिभाऊंनी दुकानातूनच घेतली. संगीतकाराच्या वारसाला चार पैसे जात असतील तर जाऊ दे, असे त्यांचे मत, आणि तिथली प्रत खरखर काढलेली होती हेही खरे.

अहिराणी गाणी

उरलेली नऊ अहिराणी गाणी कोणत्याच दुकानात पेनड्राइव्हवर टाकता येईल अशा स्वरूपात मिळाली नाहीत. यूट्यूबवर ती आहेत, लाखो लोक पाहतात. तिथून बाहेरच्या साइटने एमपीथ्री ओढून घेणे हा रस्ता मला बंद ठेवायचा होता. खानदेशातल्या गायकाची कमाई तशीच तुटपुंजी, तीही आपणच बुडवायची का?

व्हिडिओखाली फोन नंबर दिलेले असतात. मी तिघांना फोन केले. धुळे जिल्ह्यातला एक तरुण गायक-संगीतकार आधी समजलाच नाही. त्याला वाटले, लग्नाच्या ऑर्डरसाठी फोन आहे. ‘फाइल विकत पाहिजे? पैसे देऊन?’ असे त्याने दोनदा विचारले. मग त्याने सहा गाण्यांचा एकत्र भाव सांगितला, यूपीआयने पैसे गेले आणि पंधरा मिनिटांत फाइली व्हॉट्सॲपवर आल्या. त्या ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितल्या, म्हणजे मूळ नावानिशी जशाच्या तशा येतात. सोबत ‘घरगुती वापरासाठी दिली’ एवढा मेसेज मागून घेतला. दुसऱ्या गायिकेने तीन दिली. तिसऱ्याने मुद्रणाचा हक्क कंपनीला विकला होता, तो देऊ शकत नव्हता आणि त्याने तसे प्रामाणिकपणे सांगितले. त्याच्याकडचे हवे असलेले एक गाणे दुसऱ्या गायिकेनेही गायलेले होते, ते काकूंना चालले.

निष्पत्ती

१४६ पैकी ११८ आयट्यून्सवरून, ४ बँडकॅम्पवरून, ९ थेट कलाकारांकडून, ८ घरच्या सीडींवरून. एकूण १३९. सात मिळाली नाहीत. खर्च ॲपच्या वार्षिक प्लॅनपेक्षा पुष्कळ जास्त झाला आणि ज्याला रोज नवे ऐकायचे त्याला हा मार्ग परवडणार नाही, हे मी जिभाऊंना सुरुवातीलाच सांगितले होते. त्यांना नवे नको होते.

३१ जुलैला पेनड्राइव्ह दिला. फाइलींना ००१ पासून क्रमांक घातले, कारण स्पीकर नावे दाखवत नाही आणि वहीतला क्रम हीच जिभाऊंची अनुक्रमणिका. दुसरी प्रत मुलाच्या संगणकावर, तिसरी एका जुन्या हार्ड डिस्कवर कपाटात. माझ्या दुकानातली प्रत मी त्यांच्यासमोर पुसली. कानबाईच्या रविवारी मी रोट खायला गेलो होतो. दिवसभर ओसरीवर स्पीकर चालू होता. दिवेलागणीला काकूंनी तो बंद केला, बाया देवीसमोर बसल्या आणि वहीत खोडलेली ११ गाणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने पेनड्राइव्हची प्रत मागितली. जिभाऊंनी मला विचारले. मी म्हटले, तुमच्या घरात कुठेही वाजवा, पण वाटायला घेतलेली नाहीत. त्यांनी भावाला वही दिली आणि माझ्या दुकानाचा पत्ता.

पुन्हा असे काम आले तर

कपाट आधी उघडायला सांगीन. सीडी, कॅसेट, जुना फोन, सगळे. आठ गाण्यांपैकी पाच मी आधीच विकत घेऊन बसलो होतो. ती ११८ मध्ये धरलेली नाहीत, तो भुर्दंड मी त्यांच्याकडून घेतला नाही.

स्पीकर पहिल्याच दिवशी मागवीन. वाजवणारे यंत्र काय वाचते ते कळल्याशिवाय दुकान निवडणे म्हणजे माप न घेता कपडा फाडणे.

कलाकारांना फोन शेवटी केले, ते सर्वांत आधी करायला हवे होते. मोठे दुकान रात्रीही उघडे असते. माणसाला शोधायला, बोलायला, विश्वास बसायला वेळ लागतो. आणखी आठवडा मिळाला असता तर तिसऱ्या गायकाच्या कंपनीशीही बोलता आले असते.

न मिळालेल्या सात गाण्यांपैकी दोन गेल्या महिन्यात ऑनलाइन दुकानात आलेली दिसली. जिभाऊंना कळवले आहे. बाजाराच्या दिवशी वही घेऊन येतो म्हणाले.